एकच टीव्ही, दोन ताटं: न जेवणारी धाकटी आणि न थांबणारा थोरला

पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरातलं पाच जणांचं घर. आईवडील दोघंही नोकरीला, दिवसभर मुलांपाशी वडिलांची आई. थोरला मुलगा नऊ वर्षांचा, धाकटी मुलगी सव्वाचार वर्षांची. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

आई आली होती ती धाकटीला घेऊन. तक्रार बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत रोज ऐकू येणारीच: "डॉक्टर, ही काहीच खात नाही. भूक लागायचं एखादं टॉनिक द्या." थोरला बरोबर होता, कारण त्याला घरी ठेवायची सोय नव्हती. त्याच्या खाण्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. आजी तर कौतुकानं म्हणाल्या, "याचं बघा, ताटात टाकायचं नाही कधी. हिनंच जीव नकोसा केलाय."

मी दोघांचीही वजनं-उंच्या घेतल्या. धाकटी १४.२ किलो, १०१ सेंटिमीटर. बारीक, पण वाढीच्या तक्त्यावर सुरक्षित पट्ट्यात. थोरला ३४ किलो, १३३ सेंटिमीटर. भारतीय मुलांच्या तक्त्यावर त्याचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचं माप, जादा वजनाच्या रेषेच्या वर, लठ्ठपणाच्या रेषेच्या जरा खाली. म्हणजे जिच्यासाठी घर हवालदिल झालं होतं तिचं वजन तितकं चिंतेचं नव्हतं, आणि ज्याचं कौतुक चाललं होतं त्याचं वजन दोन वर्षांत झपाट्यानं वाढलं होतं. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर आणि एकाच टीव्हीसमोर ही दोन मुलं उलट दिशांना चालली होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. स्क्रीनमुळे मुलं जास्त खातात की कमी, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. या घरात दोन्ही घडत होतं, आणि दोन्हींचं मूळ एकच होतं.

"काहीच खात नाही" म्हणजे नेमकं काय

कालच्या दिवसाचा हिशेब मांडायला घेतला. सकाळी उठल्याउठल्या चॉकलेट पावडर घातलेलं कपभर दूध. बालवाडीच्या डब्यात बिस्किटं किंवा जॅम-पोळीची गुंडाळी, त्यातलं निम्मं परत. दुपारी आजी मऊ वरणभात भरवणार, तेव्हा समोर कार्टून. चार वाजता पुन्हा दूध, सोबत खारी. संध्याकाळी आई येईपर्यंत हातात काहीतरी, कधी केळं, कधी पाकिटातलं. रात्री पोळी दुधात कुस्करून, तीही मोबाइल लावून. आणि झोपताना बाटलीनं दूध, कारण "निदान तेवढं तरी पोटात जातं".

नुसतं दूधच दिवसाला पाऊण लिटर भरलं. त्यातली साखर, पावडर, बिस्किटं आणि खारी धरली तर दिवसाच्या गरजेची निम्म्याहून जास्त ऊर्जा ताटावर बसण्याआधीच पोटात जात होती. तिला भूक नव्हती हे खरंच होतं. ती लागायला जागाच उरली नव्हती.

दुधाचा आणखी एक तोटा असतो, तो घरात कुणाच्या लक्षात येत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. डोळ्यांच्या खालची पापणी ओढून पाहिली तर फिकी होती. रक्त तपासलं: हिमोग्लोबिन १०.२, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही कमी. पाच वर्षांखालच्या मुलांत ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती, म्हणजे ही मुलगी काही अपवाद नव्हे. पण लोह कमी झालं की भूक मरते, भूक मेली की दूध वाढतं, दूध वाढलं की लोह आणखी कमी. या चक्रात ती अडकली होती. मागच्या दाढांपैकी दोन किडलेल्या होत्या, त्याचं कारण पुढे येईल.

थोरल्याचा दिवस विचारला तेव्हा आई जरा गोंधळली. त्याचं खाणं कुणी मोजतच नव्हतं. शाळेतून साडेतीनला येणार, बूट काढता काढता टीव्ही लावणार, आजी पोळी-भाजीचं ताट हातात देणार. ताट संपलं की पाकीट. मग शिकवणी, मग परत टॅब. रात्रीचं जेवण धाकटीच्या मोबाइलकडे बघत किंवा वडिलांबरोबर क्रिकेट बघत. त्यानंतर दहा वाजता "काहीतरी दे ना". शाळेच्या दिवशी चारेक तास स्क्रीन, रविवारी सहा-सात. झोपायला साडेअकरा, उठायला साडेसहा.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या बाळाला आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल सोडला तर स्क्रीन नको, दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वयाला दोन तासांहून कमी. धाकटीचे रोज तीन तास होत होते, आणि त्यातले जवळजवळ सगळे जेवणाचे. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. या घरात स्क्रीन हा करमणुकीचा प्रश्न नव्हताच. घरातल्या कुठल्याही डब्या-वाटीसारखंच ते जेवणाचं भांडं होऊन बसलं होतं.

रात्रीच्या जेवणाचं चित्रण

मी आईला एक काम सांगितलं: रात्रीच्या जेवणाचं चित्रण करून पाठवा, कुणालाही काही वेगळं करायला सांगू नका. फोन शेल्फवर टेकवून तिनं ते केलं. ते पाहताना मला जे दिसलं ते कुठल्याच प्रश्नावलीतून कळलं नसतं.

धाकटी सोफ्यावर, मांडीवर उशी, उशीवर दुसरा मोबाइल. आई बाजूला बसून घास करते आणि मुलीच्या गालापाशी धरून ठेवते. मुलगी बघत नाही. कार्टूनमधलं एखादं पात्र पडतं, मुलगी हसते, तोंड उघडतं, तेवढ्यात घास आत. मग चावणं नाही. गाल फुगलेला, घास तसाच, डोळे पडद्यावर. मिनिट-दीड मिनिटानं आई म्हणते, "गिळ बघू." ती गिळते. पुढचा घास पुन्हा गालापाशी. मध्ये जाहिरात लागते तेव्हा मुलगी पहिल्यांदा ताटाकडे बघते, बटाट्याची फोड बोटानं ढकलते आणि म्हणते, "हे काय आहे?" आई घाईनं म्हणते, "काही नाही, आ कर." पाऊण तास हे चालतं. अर्ध्या पोळीला पाऊण तास.

तोंडात असा तोबरा धरून ठेवायची सवय म्हणजे दातांभोवती तासन्‌तास पिष्ट आणि साखर, त्यात झोपताना दुधाची बाटली. दाढा किडल्या त्या यामुळे.

त्याच चित्रणाच्या कडेला थोरला दिसत होता. त्याचं ताट केव्हाच संपलेलं. मांडीवर वेफर्सचं पाकीट. हात पाकिटात जातो, तोंडाकडे जातो, परत पाकिटात. थोड्या वेळानं पाकीट रिकामं होतं, पण हात थांबत नाही. तो दोन-तीनदा रिकाम्या पाकिटात बोटं फिरवतो, काही लागत नाही तेव्हा खाली बघतो, आणि आजीकडे पाकीट पुढे करतो.

दोघांपैकी एकाही मुलानं त्या जेवणात "भूक आहे" किंवा "पोट भरलं" असं काही कळवलं नाही. कळवायची गरजच नव्हती. धाकटीचं किती जेवायचं ते आई ठरवत होती, थोरल्याचं पाकिटाचा आकार ठरवत होता.

एकच कारण, उलटे परिणाम

हे या घरापुरतं नाही. लोरी फ्रान्सिस आणि लिआन बर्च या संशोधकांनी २००६ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला प्रयोग मला या निमित्तानं पुन्हा आठवला. टीव्ही लावून जेवायला दिलं तर सरसकट पाहता मुलांनी कमी खाल्लं, कारण पडद्यात गुंग झाल्यावर हात ताटाकडे जात नाही. पण ज्या मुलांना घरी टीव्ही बघत जेवायची सवय होती, त्यांनी टीव्हीसमोर जास्त खाल्लं. नवख्याची भूक पडदा झाकतो, सरावलेल्याची तृप्ती झाकतो. नऊ ते चौदा वयाच्या मुलग्यांवरच्या २००७ च्या एका कॅनेडियन अभ्यासात टीव्ही बघत पिझ्झा खाणाऱ्यांनी सरासरी २२८ कॅलरी जास्त खाल्ल्या. आमच्या थोरल्याचं रिकाम्या पाकिटात बोटं फिरवणं त्याच जातीचं.

जठर ताणलं जातं, आतड्यातून तृप्तीची संप्रेरकं सुटतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण निरोप आला तरी तो ऐकणारं कुणी हवं. लक्ष पूर्ण गुंतलेलं असेल तर ऐकू येत नाही. शिवाय एकच चव पुन्हापुन्हा घेतली की माणसाला तिचा कंटाळा येतो, म्हणून तर पाचव्या लाडवाची गोडी पहिल्यासारखी लागत नाही. हा कंटाळा खाणं थांबवण्याचं मोठं काम करतो. टीव्ही चालू असला की मुलांना तो यायला उशीर होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

जाहिरातींचं काय? २००९ मध्ये अमेरिकेत सात ते अकरा वर्षांच्या मुलांना कार्टून दाखवलं. काहींच्या कार्टूनमध्ये खाऊच्या जाहिराती होत्या, काहींच्यात इतर. खाऊच्या जाहिराती पाहणाऱ्या मुलांनी समोरचा खाऊ ४५ टक्के जास्त खाल्ला, आणि तो खाऊ जाहिरातीतलाही नव्हता. आता जाहिरात म्हणून जाहिरात राहिलेलीच नाही. पाकिटं फोडून दाखवणारी, खाताना कुरकुर आवाज ऐकवणारी मुलं मोबाइलवर असतात, आणि थोरल्याच्या आवडत्या चॅनेलांपैकी बरीचशी तीच होती.

मग हालचालीचा मुद्दा. वडिलांचं ठाम मत असं होतं की मुलाला पळवा, वजन उतरेल. खाण्याचं मागाहून बघू. मी त्यांना हिशेब करून दाखवला. चौतीस किलोचं मूल तासभर दमून खेळलं तर साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी खर्च होतात. पन्नास ग्रॅम वेफर्समध्ये पावणेतीनशेच्या आसपास असतात, आणि ते संपायला दहा मिनिटं पुरतात. पळवून पाकीट भरून निघत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या थॉमस रॉबिन्सन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम या बाबतीत बोलकं आहे: सॅन होजेच्या दोन शाळांतली तिसरी-चौथीची १९२ मुलं, एका शाळेत सहा महिने टीव्ही आणि व्हिडिओ गेम कमी करण्याचे धडे. त्या शाळेतल्या मुलांचा बॉडी मास इंडेक्स दुसऱ्या शाळेच्या मानानं कमी वाढला. त्यांची हालचाल काही लक्षणीय वाढली नव्हती. टीव्हीसमोरची जेवणं मात्र कमी झाली होती.

तरीही या दोन्ही मुलांना खेळायला पाठवा, असा माझा आग्रह होता, आणि तो कॅलरी जाळण्यासाठी नव्हता. १९५६ मध्ये आहारशास्त्रज्ञ ज्याँ मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या कामगारांचा आहार मोजला होता. हलक्या कामापासून जड कामापर्यंत कष्ट वाढतील तसा आहार वाढत होता, हे अपेक्षितच. पण अगदी बसून काम करणारे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानंही जास्त होते. ते प्रौढ होते, आणि तिथले आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण शरीर एका मर्यादेखाली हललंच नाही तर भुकेचं माप चुकू लागतं, ही गोष्ट मला माझ्या खोलीत येणाऱ्या मुलांत वारंवार दिसते. जी मुलं संध्याकाळी घामाघूम होऊन येतात ती ताटावर बसून जेवतात आणि उठतात. त्यांच्या खाण्याला सुरुवात असते आणि शेवट असतो.

जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तीन तास हालचाल सांगते, त्यातला एक तास धाप लागेल अशी. पाच ते सतरा वयाला रोज सरासरी एक तास. धाकटी दिवसाला किती हलत होती? आजींचे गुडघे दुखतात, लिफ्टनं खाली नेणं-आणणं जड, म्हणून ती घरातच. थोरला फाटकापासून फाटकापर्यंत बसनं जाणारा. शनिवार-रविवार क्रिकेटचा क्लास होता, पण तिथे तो बराच वेळ रांगेत आपल्या पाळीची वाट बघत उभा असायचा. सोसायटीत पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीवर, बाग होती, आणि बागेत पाटी: येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.

काय ठरवलं

धाकटीला लोहाचं औषध सुरू केलं, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, दुधाबरोबर कधीही नाही. जंताची गोळी. दाढांसाठी दंतवैद्याकडे. बाटली बंद, दूध दिवसाला दोन लहान कप, म्हणजे चारशे मिलीपर्यंत, आणि तेही जेवणानंतर. टॉनिक दिलं नाही. थोरल्यासाठी डाएटचा कागद मुळीच केला नाही. नऊ वर्षांच्या मुलाला "तुला कमी, बहिणीला जास्त" असं ताट वाढणं म्हणजे त्या घरात नवं भांडण पेरणं. वाढीचं वय आहे, उंची वाढेल. वजन आहे तिथे थांबलं तरी पुरे.

दोघांना एकच नियम: ताट असेल तिथे स्क्रीन नाही. घरातल्या पाचही जणांना. दिवसाची एकूण मिनिटं मोजत बसू नका म्हणून सांगितलं. आधी जेवण मोकळं करा, उरलेले तास आपोआप उतरतील. काय करायचं, केव्हा वाढायचं आणि कुठे बसायचं हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलांनी. जेवण वीस-पंचवीस मिनिटं. मग ताट उचलायचं, न रागावता. पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी. मधल्या वेळात पाणी.

आजी पटकन म्हणाल्या, "म्हणजे पोर उपाशी झोपली तरी चालेल तुम्हाला?"

या प्रश्नाला मी उडवून लावलं नाही, लावूही नये. ज्या पिढीनं घरात कुपोषण पाहिलं आहे, तिच्यासाठी मुलाच्या पोटात गेलेला घास हीच माया. मी त्यांना बर्च यांचंच १९९१ चं काम सांगितलं. दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं खाणं दिवसचे दिवस मोजलं. एकेका जेवणात मूल किती खातं यात भरपूर चढउतार, सरासरी ३३.६ टक्के. पण दिवसभराच्या बेरजेत चढउतार जेमतेम १०.४ टक्के. दुपारी दोन घास खाणारं मूल रात्री भरून काढतं, हिशेब त्याच्या अंगात असतो. फक्त तो हिशेब करायची संधी त्याला मिळायला हवी. आजींना आकडे किती पटले माहीत नाही, पण त्यांनी विचारलं, "वजन कमी झालं तर?" मी म्हटलं, दर आठवड्याला आणा, माझ्याच काट्यावर बघू. तेवढ्यावर त्या तयार झाल्या.

पहिले दिवस

पहिले तीन-चार दिवस वाईट गेले. धाकटीनं पहिल्या रात्री ताट ढकललं, जमिनीवर लोळण घेतली आणि तीन घासांवर झोपली. आईनं मला रात्री निरोप पाठवला की तिच्यानं हे होणार नाही. दुसऱ्या दिवशी वजन अर्थातच तसंच होतं. चौथ्या दिवशी दुपारी मुलीनं स्वतःच्या हातानं वरणभात कालवला, निम्मा सांडला, आणि भाजीतल्या शेंगदाण्यांचे दाणे वेचून खाल्ले. आईला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं की तिला शेंगदाणे आवडतात. सव्वाचार वर्षांच्या मुलीच्या तोंडात हजारो घास गेले होते, पण त्यातल्या एकाकडेही तिनं नीट पाहिलेलं नव्हतं. पदार्थ डोळ्यांनी बघितल्याशिवाय, बोटांनी चिवडल्याशिवाय मूल त्याच्याशी ओळख करून घेत नाही. नवी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर आवडू लागते असं म्हणतात, पण समोर आलेली ती दिसायला तर हवी.

थोरल्याची अडचण वेगळी होती. तो टेबलाशी बसला की सात मिनिटांत ताट संपवून उठायचा आणि पुढे काय करायचं ते त्याला कळायचं नाही. आमच्या आहारतज्ज्ञांनी सुचवलं की त्याला वाढायचं काम द्या. तो आजीला कोशिंबीर, बाबांना भात, बहिणीला वरण वाढू लागला. वाढता वाढता गप्पा झाल्या, जेवण लांबलं, आणि दुसऱ्या पोळीच्या आधी तो थांबू लागला. दुपारी शाळेतून आल्यावर पाकिटाऐवजी थालीपीठ, दही, कधी उसळ, कधी शेंगदाण्याची चिक्की, पण बसून आणि टीव्ही बंद ठेवून. पाकिटं घरात आणायचीच बंद केली. घरात आहेत आणि मिळत नाहीत, हा जाच कुठल्याच मुलाला देऊ नये.

सगळ्यात जास्त त्रास वडिलांना झाला. जेवताना ऑफिसचे निरोप बघायची त्यांची सवय. एकदा धाकटीनंच "बाबा, ताट आहे" म्हणून त्यांचा फोन उलटा ठेवला. त्या महिन्यात त्यांच्याकडून नियम बऱ्याचदा मोडला, आणि ज्या रात्री मोडला त्या रात्री थोरल्यानं हटकून टॅब मागितला.

खेळायला जागा

खेळाचं गाडं अडलं ते जागेवर. पालकांना "मुलांना मैदानावर पाठवा" असं सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण मैदान कुठे आहे हे सांगणाऱ्यानं बघितलेलं नसतं. या आईनं सोसायटीतल्या इतर चार घरांशी बोलून, समितीला अर्ज देऊन, संध्याकाळी सहा ते साडेसात पोडियमचा एक कोपरा चेंडूशिवायच्या खेळांना मागून घेतला. डबा ऐसपैस, लंगडी, विषामृत, पकडापकडी. खर्च शून्य आणि रांगेत उभं राहणं नाही. आजी खुर्ची टाकून बाकावरच्या बायकांत बसू लागल्या. धाकटी मोठ्यांच्या खेळात कच्चं लिंबू म्हणून धावायची. तासाभरानं वर आल्यावर ती पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, "आई, भूक लागली." आईनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. चार वर्षांत हे वाक्य तिनं मुलीच्या तोंडून ऐकलेलंच नव्हतं.

मुलं दमली, तशी झोप लवकर येऊ लागली. थोरला दहाच्या आत झोपू लागला आणि दहा वाजताचं खाणं आपोआप गळालं. झोपेचा आणि खाण्याचा संबंध इतका थेट असतो याची पालकांना कल्पना नसते. आठ ते अकरा वयाच्या मुलांच्या २०१३ मधल्या एका अभ्यासात मुलांची झोप काही दिवस वाढवली आणि काही दिवस कमी केली. जास्त झोपेच्या दिवसांत त्यांनी रोज १३४ कॅलरी कमी खाल्ल्या, कुणी काही बंद केलेलं नसताना. माझ्या मते थोरल्याच्या बाबतीत अर्धं काम झोपेनं केलं. महाराष्ट्रात २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनानं ठरवलं, त्यामागे झोपेचाच विचार होता. या मुलाची बस तरीही पावणेआठला येत होती, त्यामुळे रात्रीची बाजूच ओढून घ्यावी लागली.

सहा महिन्यांनी

धाकटी १५.६ किलो, १०४ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ११.६. थोरला ३४.६ किलो, १३६ सेंटिमीटर; वजन जवळजवळ तिथेच, उंची तीन सेंटिमीटरनं वाढलेली, बॉडी मास इंडेक्स १९.२ वरून १८.७ वर.

या आकड्यांचं श्रेय सगळं स्क्रीनला देता येणार नाही. धाकटीच्या भुकेत लोहाच्या औषधाचा वाटा मोठा होता आणि दूध कमी केल्याचा त्याहून मोठा असू शकेल. तिन्ही गोष्टी एकदम केल्या, त्यामुळे कुणाचा किती वाटा हे वेगळं काढता येत नाही. रक्तक्षय न तपासता नुसता मोबाइल काढून घेतला असता तर ती आठवडे-आठवडे कमी जेवली असती आणि घरानं हात टेकले असते. म्हणूनच "न खाणाऱ्या" मुलाचं रक्त, दात, जंत आणि दूध आधी बघावं, मग मोबाइलला हात घालावा. मूल वजनात घसरत असेल, घास गिळताना ठसकत असेल, ठरावीक पोताचंच अन्न खात असेल किंवा बोलण्या-वागण्यात मागे वाटत असेल, तर ताट उचलण्याचा हा नियम लावूच नये, आधी तपासणी.

जुलै-ऑगस्टमध्ये गाडी घसरली. पावसानं पोडियम बंद, मुलं घरात, दुपारी टीव्ही परत. तीन आठवड्यांत थोरल्याचं मधलं खाणं वाढलं. त्यावर आईनं जिन्याचा खेळ काढला, घरात दोरीच्या उड्या, गाणी लावून नाच. तेवढं पुरलं नाही, पण जेवणाचा नियम टिकला म्हणून घसरण तिथेच थांबली. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, मोदकांवर कुणी बंधन घातलं नाही, आणि घालूही नये.

अजून दोन गोष्टी राहिल्या आहेत. दुपारी एक ते दोन आजींची मालिका असते, आणि धाकटीचं जेवणही तेव्हाच. मालिका आजींच्या दिवसातला एकमेव निवांत तास आहे, तो काढून घ्यायला मी तयार नाही; म्हणून धाकटीचं ताट साडेबाराला वाढून बघायचं ठरलं आहे. आणि थोरला आता पाचवीत जाईल, शाळेचा अभ्यास टॅबवर येईल, शिकवणी संध्याकाळच्या खेळाच्या वेळेतच पडते आहे. शिकवणी सकाळी घेता येईल का, हे वडील विचारून येणार आहेत. पुढची तपासणी तीन महिन्यांनी.